फॅन उशिरा बंद करणारं साधं सर्किट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अँप्लिफायर, इन्व्हर्टर आणि वर्कशॉपमधली छोटी पॅनेलं दुरुस्त करताना हे सर्किट पुन्हापुन्हा बसवावं लागतं. लोक जसे विचारतात तसेच प्रश्न इथे ठेवलेत. सोल्डरिंग आयर्न धरता येत असेल आणि मल्टिमीटर वाचता येत असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायची सवय नसेल, तर तेवढी जोडणी वायरमनकडून करून घ्या.

हे सर्किट नेमकं करतं काय?

मशीनचं बटन चालू केलं की कूलिंग फॅन लगेच सुरू होतो. बटन बंद केलं की मशीन बंद, पण फॅन आणखी दीड-दोन मिनिटं फिरतो आणि मग आपला आपण थांबतो. बाकी काही नाही. तापमान मोजत नाही, वेग बदलत नाही.

बटन बंद केल्यावर मशीन थंडच होणार की! मग फॅन कशाला फिरवायचा?

ट्रान्झिस्टर थंडच होणार, त्यात वाद नाही. करंट थांबला त्या क्षणापासून त्याचं तापमान उतरायला लागतं. अडचण त्याच्या शेजाऱ्यांची आहे. गुऱ्हाळावर चुलवाणातला जाळ ओढून घेतला तरी काहिलीतला रस लगेच शांत होत नाही, तसं हीटसिंकमध्ये (ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यात) साठलेली उष्णता बटनाबरोबर जात नाही. वारा थांबला की ती पेटीतच पसरते आणि जवळचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, वायरींचं इन्सुलेशन, सोल्डरचे जॉइंट शेकत राहतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. गावात पारायण असलं की अँप्लिफायर पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत चालू. कीर्तन संपलं, आरती झाली, की कुणीतरी उत्साही कार्यकर्ता बटन बंद करतो आणि लगेच त्यावर सतरंजी नाहीतर प्लॅस्टिकचा कागद टाकतो, दव पडू नये म्हणून. हेतू चांगला, पण हीटसिंकला हात लावून बघा त्या वेळी. अशा अँपच्या आत टोपी फुगलेले कंडेन्सर सापडले तर नवल नाही.

म्हणजे प्रत्येक मशीनला हे लावायलाच पाहिजे काय?

नाही. तासभर टीव्हीला आवाज देणाऱ्या घरच्या छोट्या अँपला याची गरज नाही. बटन बंद केल्यावर पाच मिनिटांनी हीटसिंकवर बोट सहज टेकत असेल तर खर्च करू नका. दिवसभर लोडवर चालणारा अँप, लाकडी किंवा बंद पेटीत ठेवलेला इन्व्हर्टर, बल्बचा प्रोजेक्टर, उद्यमबागेतल्या एखाद्या युनिटमधलं ड्राइव्हचं पॅनेल, अशा ठिकाणी फायदा दिसतो. प्रोजेक्टरमध्ये मात्र कंपनीने स्वतःच ही सोय दिलेली असते. बटन दाबल्यावर फॅन फिरत असतो तेव्हा प्लग ओढायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

मशीनच बंद, तर फॅनला वीज येते कुठून?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि सगळ्यात कमी विचारला जाणाराही हाच. लोक सर्किट शोधतात, सामान आणतात, झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) सुरेख सोल्डर करतात आणि मग फॅनची लाल वायर मशीनच्या बटनानंतरच्या १२ व्होल्टला जोडतात. बटन बंद, १२ व्होल्ट गायब, फॅन गप्प. सर्किटचा यात काही दोष नसतो. उशीर लावणं सोपं आहे, एक कंडेन्सर आणि एक रेझिस्टन्स ते काम करतात. बटन बंद झाल्यावरही फॅनपर्यंत करंट पोहोचत राहील अशी लाइन काढणं, हे खरं काम.

म्हणून दोन लाइनी डोक्यात वेगळ्या ठेवा. पहिली ‘कायम लाइन’: बटनाच्या आधीची, सदा चालू असलेली १२ व्होल्ट. फॅन हिच्यावर चालतो. दुसरी ‘बटन लाइन’: मशीन चालू असेल तेव्हाच येणारी १२ व्होल्ट. ही फॅनला चालवत नाही, सर्किटला फक्त खबर देते. कायम लाइनसाठी इन्व्हर्टरमध्ये बॅटरी आहेच. अँपमध्ये १२ व्होल्ट १ अँपिअरचा एक छोटा अ‍ॅडॅप्टर फ्यूजनंतर पण बटनाच्या आधी जोडावा लागतो. कागदावर या दोन लाइनी दोन रंगांत काढल्याशिवाय सोल्डरिंग सुरू करू नका.

एक गोष्ट यातूनच निघते: अँपचं बटन बंद असलं तरी आता आत २३० व्होल्ट जिवंत असतात. झाकण उघडण्याआधी प्लग काढायचा, बटनावर भरवसा ठेवायचा नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला तसं लिहूनच ठेवा. पुढच्या वेळी ते झाकण उघडणारा कदाचित दुसराच कोणी असेल.

फॅनच्याच दोन वायरींना मोठा कंडेन्सर लावला तर? दुसरी लाइन काढायची कटकटच नको.

हिशेब करून बघू. फॅन ०.२ अँपिअर घेतो. १२ व्होल्टपासून ८ व्होल्टपर्यंत उतरेतोवर तो बऱ्यापैकी फिरेल असं धरा. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, म्हणजे चांगला डबीएवढा, लावला तर त्याला ४ व्होल्ट उतरायला लागतात ०.२ सेकंद. दोन मिनिटं हवी असतील तर ६ फॅरड पाहिजेत. मायक्रो नव्हे, अख्खे फॅरड. त्यापेक्षा अ‍ॅडॅप्टर स्वस्त.

लाइट गेली तर फॅन फिरत राहील काय?

कायम लाइन अ‍ॅडॅप्टरवर असेल तर नाही. हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइट गेली की मशीन आणि फॅन दोन्ही एकदमच थांबणार. बॅटरीवर असेल तर होय, ठरलेला वेळ फिरून मगच थांबेल. भर पावसात कणकुंबी, जांबोटीकडे जाणारी-येणारी लाइट ज्यांच्या नशिबी आहे त्यांनी बॅटरीचाच विचार करावा.

सामान काय काय लागतं?

एक एन-चॅनल मॉस्फेट (फॅनला चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), आयआरएफझेड४४एन. मेलेल्या इन्व्हर्टरच्या बोर्डावरचा चांगला निघालेला आयआरएफ३२०५ असला तरी चालतो, दोन्हींची गेटची (चालू-बंदचा हुकूम घेणाऱ्या पायाची) सवय सारखीच. १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा एक नवा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. १ मेगओहमचा एक रेझिस्टन्स. १०० ओहमचा एक. १एन४१४८ किंवा १एन४००७ डायोड एक, आणि फॅनवर उलटा टाकायला १एन४००७ आणखी एक. १५ व्होल्टचा झेनर, म्हणजे गेटवर त्याहून जास्त व्होल्टेज चढू न देणारा डायोड. १ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट. झिरो पीसीबीचा तुकडा. फॅन १२ व्होल्ट डीसीचा, कॉम्प्युटरमध्ये असतो तो.

हे सगळं साधं सामान आहे, बेळगावातच मिळतं. दुकानात ‘एक मेगचा रेझिस्टन्स’ आणि ‘शंभर बाय पंचवीसचा कंडेन्सर’ म्हटलं की मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये, हातात तेच पडतं. मॉस्फेट मात्र जरा बघून घ्या. नकली माल भरपूर येतो. छपाई पुसट, पाय पातळ, वजनाला हलका वाटला तर दुसरा मागा. एखादा खास नंबर अडलाच तर पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूला एस. पी. रोड आहेच, पण या सर्किटासाठी एवढ्या लांब जायची वेळ येऊ नये.

जोडायचं कसं? चित्राशिवाय सांगा.

मॉस्फेट छपाई आपल्याकडे आणि पाय खाली असा धरा. डावीकडून पहिला पाय गेट, मधला ड्रेन, तिसरा सोर्स.

फॅनची लाल वायर कायम लाइनच्या प्लसला, फ्यूजमधून. फॅनची काळी वायर ड्रेनला. सोर्स मायनसला. झाली फॅनची बाजू. फॅनच्या दोन वायरींवर १एन४००७ उलटा टाका, पट्टी लाल वायरीकडे.

आता गेटची बाजू. बटन लाइनच्या प्लसवरून आधी १०० ओहम, मग डायोड, आणि डायोडची पट्टीची बाजू गेटला. त्याच गेटवरून मायनसकडे तीन गोष्टी शेजारीशेजारी जातात: कंडेन्सर (पट्टी असलेला पाय मायनसकडे), १ मेगओहमचा रेझिस्टन्स आणि झेनर (पट्टी गेटकडे). शेवटी बटन लाइनचा मायनस आणि कायम लाइनचा मायनस एकत्र, पण एकाच ठिकाणी. अँपमध्ये दोन-तीन जागी चेसिसला टेकवलात तर स्पीकरमधून घुं असा आवाज यायची शक्यता असते.

बटन चालू झालं की कंडेन्सर डायोडमधून लगेच भरतो, गेटवर साधारण ११.४ व्होल्ट येतात आणि फॅन सुरू होतो. बटन बंद झालं की डायोड परतीची वाट अडवतो. कंडेन्सरला रिकामं व्हायला एकच वाट उरते, १ मेगओहम. गेट साडेतीन व्होल्टच्या आसपास आला की मॉस्फेट मिटतो.

मॉस्फेटची पाठ म्हणजे धातूचा भाग आतून ड्रेनलाच जोडलेला असतो. ती पेटीच्या पत्र्याला उघडी टेकली की फॅन कायमचा चालू. अभ्रकाची चकती घाला नाहीतर मॉस्फेट मोकळा उभा ठेवा.

वेळ किती मिळते? कमी-जास्त कशी करायची?

रेझिस्टन्स मेगओहममध्ये आणि कंडेन्सर मायक्रोफॅरडमध्ये घेऊन गुणाकार केला की सेकंद मिळतात. १ गुणिले १०० म्हणजे १००. त्याला सुरुवातीच्या आणि शेवटच्या व्होल्टेजच्या भागाकाराच्या नैसर्गिक लॉगने गुणायचं. ११.४ भागिले ३.५, त्याचा लॉग १.१८. म्हणजे ११८ सेकंद, दोन मिनिटांना दोन कमी. ४७० किलोओहम टाकलात तर निम्म्याच्या जवळ, २२० मायक्रोफॅरड टाकलात तर दुप्पट. हाताने फिरवून ठरवायची असेल तर ४७० किलोओहमच्या मागे १ मेगओहमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टन्स) जोडा.

दहा-दहा मिनिटांच्या मागे लागू नका. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच वारा बहुतेक काम करून टाकतो. पुढे फॅन फक्त धूळ ओढतो. शहापूर, वडगावकडच्या मागांच्या शेडमध्ये किंवा फाउंड्रीजवळ हे लगेच दिसतं, जाळीवर तंतू आणि काळी भुकटी साठते.

हिशेबाने दोन मिनिटं, माझा सव्वा मिनिटातच थांबतो. काय चुकलं?

बहुतेक काहीच नाही. या सर्किटाकडून सेकंदाचा हिशेब मागूच नये.

पहिली गोष्ट, आयआरएफझेड४४एनचा गेट कुठे मिटणार याला डेटाशीटमध्येच २ ते ४ व्होल्ट एवढी मोकळीक दिलेली आहे. एकाच पाकिटातले दोन मॉस्फेट घेतले तरी फरक पडू शकतो. नुसत्या या फरकाने वेळ पावणेदोन मिनिटांपासून जवळजवळ तीन मिनिटांपर्यंत कुठेही येऊ शकते.

दुसरी गोष्ट गळती. १ मेगओहममधून सुरुवातीला वाहतात जेमतेम ११ मायक्रोअँपिअर. १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या साध्या इलेक्ट्रोलिटिकला कंपनी स्वतःच पूर्ण व्होल्टेजवर २५ मायक्रोअँपिअरपर्यंत गळतीची मुभा घेते. चांगल्या कंडेन्सरची प्रत्यक्ष गळती याहून बरीच कमी असते, पण जुन्या बोर्डावरून काढलेला असेल तर तो आतूनच रिकामा होतो. बरीच वर्षं पडून असलेला कंडेन्सर पहिले काही वेळा जास्त गळतो आणि व्होल्टेजवर राहिला की सुधारतो. म्हणून बसवल्यावर मशीन अर्धा-एक तास चालवा आणि मगच वेळ मोजा. याच कारणामुळे १० मेगओहम टाकून वेळ दहापट करायची युक्ती फसते. तिथे रेझिस्टन्सपेक्षा गळतीचाच कारभार चालतो.

मीटर लावून बघतोय तेव्हाच फॅन लवकर थांबतो. मीटर काढला की बरोबर चालतो. हे काय?

मीटरच कंडेन्सर रिकामा करतोय. सगळ्यांकडे असतो तो स्वस्तातला पिवळा डिजिटल मीटर, ८३० जातीचा, त्याचा आतला रेझिस्टन्स डीसी व्होल्टवर १ मेगओहम असतो. तुमच्या १ मेगला समांतर आणखी १ मेग जोडला की झाला अर्धा मेग, आणि वेळ निम्मी. १० मेगओहमचा चांगला मीटर असेल तर फरक किरकोळ. नसेल तर गेटवर मीटर धरून बसू नका, मॉस्फेटच्या ड्रेनवर धरा. तिथलं व्होल्टेज शून्याजवळून वर चढायला लागलं की गेट मिटायला लागला असं समजा.

उन्हाळ्यात नीट चालत होतं, पावसाळ्यात वेळ कमी झाली.

बोर्ड पुसून घ्या. सोल्डर करताना वापरलेल्या फ्लक्सचा चिकट थर तसाच राहतो. तो दमट हवेत ओल धरतो आणि गेटपासून मायनसपर्यंत एक नको असलेला रेझिस्टन्स तयार होतो. खानापूरच्या पश्चिमेला जुलैत कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथे १ मेगओहमच्या सर्किटाचं वेगळं काय होणार! आयसोप्रोपिल अल्कोहोल नसेल तर थिनर आणि जुना टूथब्रश चालतो. बोर्डाची खालची बाजू घासा, पूर्ण वाळू द्या, मग पीसीबीचं वार्निश मारा. ओल्या बोर्डावर वार्निश मारलंत तर ओल आतच कोंडते. बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असतील तर कंडेन्सरच्या पायांमधली जागा खास करून बघा.

थांबायच्या आधी फॅन कुंथतो, हळूहळू होतो. मॉस्फेट खराब होईल काय?

गेट झटक्यात मिटत नाही, सरकत सरकत मिटतो. त्या काही सेकंदांत मॉस्फेट धड चालूही नसतो आणि धड बंदही नसतो. थोडी वीज त्याच्याच अंगावर उष्णता म्हणून पडते. ०.२ अँपिअरच्या एका फॅनला ती जास्तीत जास्त ०.६ वॅटच्या घरात जाते. मोकळ्या उभ्या मॉस्फेटला ३५-४० अंशांची वाढ, तीही थोडा वेळ. काही होत नाही.

१ अँपिअरचा मोठा ब्लोअर किंवा पाच फॅन एकत्र लावलेत तर हाच आकडा ३ वॅटवर जातो. ते काही सेकंदांचंच काम असलं तरी तिथे हीटसिंकशिवाय भागवू नये. त्यापेक्षा ट्रिपल फाइव्हचं, म्हणजे ५५५ या टायमर आयसीचं, सर्किट करा.

ट्रिपल फाइव्हचं सर्किट कसं?

इथे ५५५ला टायमर म्हणून वापरायचंच नाही. झटक्यात चालू-बंद होणारं बटन म्हणून वापरायचं. डायोड, कंडेन्सर आणि १ मेगओहमची गेटची बाजू होती तशीच ठेवा. मॉस्फेट आणि झेनर काढा. गेट जिथे होता तिथे ५५५च्या २ आणि ६ नंबरच्या पिना एकत्र जोडा. ८ आणि ४ कायम लाइनच्या प्लसला, १ मायनसला, ५ वरून १० नॅनोफॅरड मायनसला. १२ व्होल्टचा रिले घ्या, त्याची कॉइल प्लस आणि ३ नंबरच्या पिनेच्या मध्ये, कॉइलवर उलटा डायोड. फॅन रिलेच्या कॉन्टॅक्टवर.

कंडेन्सर ८ व्होल्टच्या वर गेला की ३ नंबरची पिन खाली बसते आणि रिले ओढला जातो. ४ व्होल्टच्या खाली उतरला की पिन वर उठते आणि रिले सुटतो. मधे काही नाही, कुंथणं नाही. ४ आणि ८ हे पुरवठ्याचे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश भाग असल्याने आयसी बदलला तरी वेळ फारशी हलत नाही, १०० मायक्रोफॅरडवर साधारण १०५ सेकंद. नेमकेपणा हवा असेल तर हेच करा. फॅन १०० मिलिअँपिअरच्या आतला छोटा असेल तर रिलेही नको, फॅनच प्लस आणि ३ नंबरमध्ये जोडता येतो. थोडं व्होल्टेज आयसीत अडतं, फॅन किंचित हळू फिरतो.

बटन लाइन १२ऐवजी ५ व्होल्टची असेल तर हे सर्किट जागंच होणार नाही, कारण ८ व्होल्ट गाठलेच जात नाहीत. तिथे मॉस्फेटचंच सर्किट ठेवा, पण आयआरएलझेड४४एन वापरून. त्याचा गेट कमी व्होल्टेजवर उघडतो.

बॅटरीवर लावलं तर बॅटरी उतरेल काय?

मॉस्फेटचं सर्किट थांबल्यावर जवळजवळ काहीच घेत नाही. ट्रिपल फाइव्ह मात्र बसल्या बसल्या १० मिलिअँपिअरच्या आसपास खात राहतो. दिवसाला पाव अँपिअर-तास धरा. १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीला ते जाणवतही नाही. पण कॉम्प्युटर यूपीएसची ७ अँपिअर-तासाची बॅटरी चार्जिंगविना महिनाभर पडली तर रिकामी. तिथे ५५५चा सीमॉस जातीचा भाऊ ७५५५ घ्या, पिना त्याच.

इन्व्हर्टर चार्जिंगला असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या पुढे जातं. फॅनच्या लाल वायरीत दोन १एन४००७ एकामागे एक टाकले की दीडेक व्होल्ट कमी होतात आणि फॅनचा आवाजही उतरतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला जितका जवळ लावता येईल तितका जवळ. बोर्डाजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्ट झाली की वायर वितळायला वेळ लागत नाही.

अँपमध्ये १२ व्होल्ट कुठेच नाहीत. प्लस-मायनस ३५ आहेत.

प्लस ३५ वरून ४.७ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टन्स घ्या, त्याच्या दुसऱ्या टोकावरून ग्राउंडला १२ व्होल्टचा झेनर. त्या जोडावर १२ व्होल्ट मिळतात, तीच तुमची बटन लाइन. अँपच्या मुख्य कंडेन्सरांना रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून फॅन हिशेबापेक्षा थोडा जास्त फिरेल. फिरू द्या. ग्राउंड एकत्र करायचीच नसेल तर मधे पीसी८१७ ऑप्टोकपलर (वायरीऐवजी उजेडाने खबर पोहोचवणारा आयसी) घाला.

फॅन थांबतच नाही.

क्रमाने बघा. १ मेगओहमचा एक पाय सुटलाय का, किंवा चुकून १० मेग लागलाय का. मॉस्फेटचे ड्रेन-सोर्स उलटे झालेत का, कारण त्याच्या आत एक डायोड असतो आणि उलटा जोडला की गेट काहीही म्हणो, करंट वाहतच राहतो. पाठ चेसिसला टेकलीय का. ‘बटन लाइन’ म्हणून घेतलेली जागा खरंच बटनानंतरची आहे का. आणि शेवटी मॉस्फेट शॉर्ट झालाय का.

फॅन सुरूच होत नाही.

डायोड उलटा, नाहीतर दोन लाइनींचे मायनस एकत्र केलेले नाहीत. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं.

फॅनला तीन वायरी आहेत, एकाला तर चार.

लाल आणि काळी वापरा. पिवळी वेग सांगणारी असते, ती टेप लावून मोकळी सोडा. चार वायरींच्या फॅनमध्ये रंग बदलतात. वेग ठरवणारी चौथी वायर मोकळी ठेवली तर फॅन पूर्ण वेगाने फिरतो, आपल्याला तेच हवंय.

याहून सोपं काही नाही काय?

आहे की. केएसडी३०१ नावाचा थर्मल स्विच मिळतो, गोल बटनासारखा, दोन कान असलेला. ४५ किंवा ५० अंशांचा ‘नॉर्मली ओपन’ घ्या, हीटसिंकवर स्क्रूने बसवा आणि कायम लाइनवरून फॅनशी सीरिजमध्ये जोडा. हीटसिंक तापला की फॅन सुरू, थंड झाला की बंद, मशीनचं बटन कुठेही असो. मॉस्फेट नाही, कंडेन्सर नाही, पावसाळ्याची भीती नाही. हीटसिंकवर जागा असेल तर आम्ही आधी हेच सुचवतो. उष्णता एका जागी न येता पेटीभर पसरते, किंवा स्क्रू मारायला जागाच नसते, तिथे वेळेचं सर्किट. घेताना ‘नॉर्मली ओपन’ असं स्पष्ट सांगा. दुसऱ्या जातीचा दिला तर फॅन थंडपणी फिरेल आणि तापल्यावर थांबेल.

कायम लाइन मात्र इथेही लागतेच. तिच्यापासून सुटका नाही.

बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला हेच लावता येईल?

हे सर्किट १२ व्होल्ट डीसीचं आहे, २३० व्होल्टच्या फॅनला थेट नाही. रिलेमार्फत करता येतं, पण ओल्या जागेत भिंतीच्या डबीत घरी केलेला बोर्ड ठेवू नये. तयार टायमर बटनं मिळतात, ती वायरमनकडून बसवून घ्या.

ट्रॅक्टर किंवा जीपच्या रेडिएटर फॅनला?

नाही. तो फॅन दहा-वीस अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. त्याला गाडीचा रिले, जाड वायर आणि त्या मापाचा फ्यूज पाहिजे, आणि इंजिन बंद असताना किती वेळ फिरवायचा ते बॅटरीच्या जिवावर ठरतं. ते काम गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे न्या.